सासूबाईंच्या इंजिनातलं तेल

स्वयंपाकघरातला मोठा ट्रे भिंतीला तिरपा टेकवला होता आणि त्याच्यासमोर तीन पुरुष उकिडवे बसले होते. पहिले दातांचे डॉक्टर, दुसरा त्यांचा मेहुणा, तिसरे सासरे. ट्रेच्या वरच्या कडेला तीन तेलांचे थेंब सोडलेले होते. त्यांतला कोणता कसा ओघळतो, यावर तिघांची नजर खिळली होती.

"हा ट्रे कुणाचा?" दारातून डॉक्टरांच्या बायकोने विचारलं.

"आपलाच," डॉक्टर मान न वळवता म्हणाले.

"आपला होता," ती म्हणाली आणि निघून गेली.

प्रश्न तसा गंभीर होता. सासूबाई शर्यतीची कार्ट चालवत. कार्ट म्हणजे चार चाकं, एक खुर्ची आणि खुर्चीशेजारी बांधलेलं फोर-स्ट्रोक इंजीन. छप्पर नाही, दार नाही, आणि सासूबाईंच्या मते अक्कल असली तर भीतीही नाही. घरात सर्वांत हलक्या त्याच, म्हणून खुर्चीत त्या बसत आणि बाकीचे सल्ले देत. पण पुढच्या हंगामापासून क्लब वयाची अट लावणार होता. म्हणजे रविवारची शर्यत सासूबाईंची शेवटची. आजवर त्या दुसऱ्या आल्या होत्या, तिसऱ्या आल्या होत्या, एकदा गवताच्या गंजीतही गेल्या होत्या. पहिल्या मात्र कधीच नाही. दर वेळी शेवटच्या वळणावर एक विमा एजंट त्यांना मागे टाकायचा आणि वर हात हलवून दाखवायचा.

या खेपेला डॉक्टरांनी इंजिनावर शस्त्रक्रियाच केली होती. वेग आवरणारा लगाम काढून टाकला, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक बसवल्या, वरचं टोपण घासून पातळ केलं. इंजीन आता पूर्वीपेक्षा कितीतरी जोरात फिरायचं आणि तितकंच तापायचं. त्यात तेल ढकलायला पंप नव्हता. आत एक छोटी पळी होती, ती गरागरा फिरून तेल सगळीकडे उडवायची. सगळी भिस्त त्या पळीवर आणि तेलावर.

"घट्टच तेल हवं," डॉक्टर म्हणाले. "तापल्यावर पातळ तेलाचा थर फाटतो. मग लोखंडावर लोखंड. मुळापर्यंत कीड."

"भाऊजी, घट्ट तेलात पळी फिरणार कशी? पिठल्यात फिरल्यासारखी?" मेहुणा म्हणाला. त्याचा फ्रिज दुरुस्तीचा धंदा होता आणि पातळ, थंड, निवांत गोष्टींवर त्याचा विश्वास होता. "सगळी ताकद तेल ढवळण्यातच जाईल. पातळ टाका, आई वाऱ्यासारखी पळेल."

सासऱ्यांचा जन्म औषधांच्या दुकानात बाटल्या भरण्यात गेला होता. त्यांनी शांतपणे तिसऱ्या थेंबाकडे बोट दाखवलं. "एरंडेल."

दोघांनाही हसू फुटलं.

"हसू नका. जुने शर्यतवाले एरंडेलच वापरायचे. कितीही तापलं तरी धातूला सोडत नाही."

"बाबा, ते दुसऱ्या तेलात मिसळलं तर आत चिकट लगदा होतो," डॉक्टर म्हणाले.

"मिसळायचं कशाला? नुसतं घालायचं."

यावर जे एरंडाचं गुऱ्हाळ सुरू झालं, ते जेवणं होईपर्यंत थांबलं नाही. शेवटी सासूबाईंनी पानावरून उठताना निकाल दिला. "कुठलंही घाला. पण एकाने घाला." हे वाक्य तिघांनीही ऐकलं, आणि तो एक म्हणजे आपणच, अशी तिघांचीही खात्री पटली.

रविवारी सकाळी डॉक्टर सर्वांच्या आधी मैदानावर पोचले. त्यांनी जुनं तेल काढलं, आपलं घट्ट तेल खुणेपर्यंत भरलं, टोपण लावलं आणि हात धुवायला गेले.

ते जाताच मेहुणा आला. त्याने खालचं बूच उघडलं. पण घट्ट तेल ते, आणि सकाळचा गारवा. ते पाहुण्यासारखं निघतो निघतो म्हणत दारातच रेंगाळलं. जेमतेम चमचाभर बाहेर आलं असेल, तेवढ्यात कुणाचीतरी चाहूल लागली. मेहुण्याने घाईघाईने बूच लावलं. उरलंसुरलं तेल निघून गेलं असेल अशी स्वतःची समजूत घातली आणि आपल्या पातळ तेलाचा अख्खा डबा आत रिकामा केला.

चाहूल सासऱ्यांची होती. मुलगा दूर जाईपर्यंत ते टायरांच्या ढिगाआड उभे राहिले. मग त्यांनी खिशातून एरंडेलाची बाटली काढली. काढणं-बिढणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. औषध पोटात गेलं की आपलं काम करतं, पोटात आधी काय आहे ते विचारत नाही, या तत्त्वावर त्यांनी बाटली आत ओतली.

डॉक्टर परत आले. तेलाची पातळी पुन्हा एकदा बघावी असं त्यांच्या मनात आलं. पण स्वतः भरलेलं तेल तपासायचं म्हणजे स्वतःवरच अविश्वास. त्यांनी सासूबाईंना हेल्मेट दिलं.

"एकानेच घातलंय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"एकानेच," तिघं एका सुरात म्हणाले.

जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात सासूबाईंना सगळ्यांत पुढची जागा मिळाली. विमा एजंट त्यांच्या बरोबर मागे. झेंडा पडला आणि गाड्या सुटल्या. पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या वळणावर सासूबाईंच्या गाडीतून निळसर धुराची एक नाजूक रेघ निघाली. तिसऱ्या वळणावर रेघेचा पडदा झाला.

"अहो, आईची गाडी पेटली का?" डॉक्टरांच्या बायकोने विचारलं.

"छे, तापतेय जराशी," डॉक्टर म्हणाले. त्यांचा स्वतःचा चेहरा मात्र गार पडला होता.

झालं होतं असं, की इंजिनात गरजेच्या दुपटीहून जास्त तेल होतं आणि पळी त्यात बुडून फेस काढत होती. फेस नळीवाटे इंजिनाशेजारी बांधलेल्या बाटलीत जमत होता, आणि जे उरत होतं ते जळून बाहेर पडत होतं. गाडीचा वेग तर इतका कमी झाला, की मागच्यांना तिला गाठणं सहज शक्य होतं. पण गाठायचं म्हणजे त्या धुरात शिरायचं, आणि धुराला वास होता. लहानपणी नाक दाबून पाजलेल्या चमच्याची आठवण करून देणारा वास. विमा एजंट दोनदा पुढे सरसावला, दोन्ही वेळा खोकत मागे आला. तिसऱ्या खेपेला त्याला वळणच दिसलं नाही आणि तो सरळ गवताच्या गंजीत गेला. बाकीचे अंतर ठेवून, मान वळवून, एखाद्या अंत्ययात्रेच्या गतीने सासूबाईंच्या मागे चालत राहिले.

सासूबाई पहिल्या आल्या.

"घट्ट तेल," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "म्हटलं नव्हतं?"

"घट्ट कुठलं? माझं पातळ होतं ते," मेहुणा म्हणाला.

"दोघंही चुकताय," सासरे म्हणाले. "वास नाही आला?"

सगळा उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. तरीही आपल्याच तेलाने शर्यत जिंकली यावर तिघंही ठाम राहिले. आवाज चढू लागले, तेवढ्यात पांढरी टोपी घातलेला एक गंभीर माणूस आला. तो इंजिनाशी वाकला, बाटलीत जमलेलं तेल त्याने उजेडात धरलं, हुंगलं आणि भुवया वर केल्या.

"हे तेल कुणी निवडलं?"

तेलात भलतंसलतं सापडलं तर निकाल रद्द होतो, असं मेहुण्याने कुठेतरी ऐकलं होतं. त्याने हळूच डॉक्टरांकडे बोट केलं. "इंजिनाचं सगळं भाऊजीच बघतात."

"मी? मी दातांचा डॉक्टर," डॉक्टर म्हणाले. "तेलाबिलातलं काही कळत नाही मला. बाबा जाणकार आहेत."

"मी निवृत्त आहे," सासरे म्हणाले.

"म्हणजे तिघांपैकी कुणीच नाही?"

"नाही," तिघं म्हणाले. या एका बाबतीत त्यांचं आता पूर्ण एकमत होतं.

माणसाने सुस्कारा सोडला. "मग माझी खेप फुकट गेली. मी तेलाच्या कारखान्यातून आलोय. इतकं विचित्र तेल घालून शेवटपर्यंत टिकलेलं इंजीन मी आजवर पाहिलं नव्हतं. आमच्या मैदानावर नवी तेलं तपासायला असाच माणूस हवा होता. वर्षभर आमची दोन इंजिनांची कार्ट हाताशी मिळाली असती. तिथे वयाची वगैरे काही अट नाही."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. मेहुणा पुढे सरसावला. सासऱ्यांना एकाएकी निवृत्ती खुपू लागली. पण त्यांच्या मागून हेल्मेट काखेत धरून सासूबाई आल्या. चेहरा काजळीने काळाभोर, दात तेवढे पांढरे.

"तेल मी निवडलं," त्या म्हणाल्या.

"आपण? काय काय मिसळलं होतं त्यात, कळेल का?"

सासूबाईंनी आपल्या तिन्ही पुरुषांवरून एकदा नजर फिरवली.

"ते काही सांगता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "ही सगळी माझी घरची माणसं. पण मी त्यांनाही पत्ता लागू दिलेला नाही."