हेरंब डॉक्टरांचं नाहीतर

आमच्या निंबठाणमध्ये 'जर' बोलून 'नाहीतर' न बोललेला माणूस ते वाक्य पुरं होईपर्यंत जागचा हलत नाही.

त्याला ऐकू येतं, दिसतं, चहा पाजला की तो पितो. फक्त पाय जमिनीला धरून राहतात आणि उरलेल्या वाक्याशिवाय दुसरा शब्द तोंडातून निघत नाही. बाजारात असं कुणी उभं दिसलं की आम्ही वळसा घालून पुढे जातो. उन्हाचे दिवस असले की कुणीतरी डोक्यावर छत्री धरतं. एकदा एका वकिलांनी जरच्या पोटात जर, त्याच्या पोटात आणखी एक जर असं वाक्य सुरू केलं. प्रत्येकाचं नाहीतर आठवून आठवून बाहेर काढेपर्यंत कोर्ट बंद झालं होतं.

दुसरी गोष्ट अशी की तरच्या पुढे जो जिन्नस ठेवला, नाहीतरच्या पुढेही तोच ठेवावा लागतो. निवडणुकीच्या वेळी बाहेरगावचे एक पुढारी भाषणाला आले. "जर आम्हाला निवडून दिलंत तर रोज पाणी येईल," म्हणाले आणि तसेच उभे राहिले. कार्यकर्त्यांनी मागून "नाहीतर जनता माफ करणार नाही" असं पुरवून पाहिलं. लागू झालं नाही. पाण्यासमोर पाणीच हवं. शेवटी समोर बसलेल्या एका बाईंनी "नाहीतर आता येतं तसंच येईल" म्हटलं, तेव्हा पुढारी खाली उतरले. दुसऱ्या कुणी पुरं केलेलं वाक्यही चालतं. आणि पुरं झालेलं वाक्य खरं होतं. बोलावी लागतात दोन्ही, घडतं एकच. पुढारी पडले. पाणी पूर्वीसारखंच येतं.

माझ्या शेजारच्या बोधल्यांची मुलगी ऋजुता संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. तिची कंपनी बंगळुरूला, ती घरीच वरच्या खोलीत बसून काम करते. ज्या भाषेत ती लिहिते त्या भाषेतही नाहीतरशिवाय जर चालत नाही म्हणे. मी एकदा विचारलं, असं का?

"काका, दुसऱ्या भाषांमध्ये जर म्हणजे हुकूम असतो," ती म्हणाली. "पाऊस असला की छत्री घे. नसला की काय करायचं ते कुणी विचारत नाही. आमच्या भाषेत जर म्हणजे हुकूम नाही, उत्तर आहे. पाऊस असो नसो, हातात काहीतरी यायलाच हवं. आणि छत्रीच्या जागी छत्रीसारखंच काहीतरी हवं. एकीकडे छत्री आणि दुसरीकडे मंगळवार, असं नाही चालत."

मला त्यात शिकण्यासारखं काही वाटलं नाही, आम्ही सगळे तसंच बोलतो. कंपनीलाही तसंच वाटलं असावं, कारण आता ते नोकरीसाठी आमच्याच तालुक्यातली मुलं शोधतात.

हेरंब तावडे हे गावातले जनावरांचे डॉक्टर. बोधल्यांची म्हैस अडली होती तेव्हा ते पहाटेपासून गोठ्यात होते आणि ऋजुता कंदील धरून शेजारी. त्यानंतर म्हशीची तब्येत उत्तम असूनही डॉक्टर अधूनमधून तिला बघायला येऊ लागले. म्हशीला आणि आम्हाला कारण कळलं होतं. अखेर एका रविवारी हेरंब, त्यांच्या आई इंदुमतीबाई आणि पुण्याचे जयवंतमामा असे तिघे रीतसर बोधल्यांकडे आले. शेजारी म्हणून मलाही बोलावलं होतं.

मामांचा पुण्यात कुत्र्यामांजरांचा मोठा दवाखाना. भाच्याने तिकडे यावं म्हणून ते कितीतरी दिवस मागे लागले होते. चहा होतो न होतो तोच त्यांनी सुरुवात केली.

"हेरंब, पुण्याला कधी येतोस ते आज सांग. किती दिवस शेणात हात घालणार?"

हेरंब उठून उभे राहिले. कान लाल झाले होते. "मामा, जर ऋजुताने होकार दिला तर मी निंबठाणमध्येच राहीन," ते म्हणाले. आणि थांबले.

सगळ्यांनी कप खाली ठेवले.

डॉक्टर याच गावात वाढलेले. पण घाबरलेल्या माणसाला नियम आठवत नाही. त्यांनी नाहीतरचा विचारच केला नव्हता, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

इंदुमतीबाई घाईने म्हणाल्या, "नाहीतर तो अन्नपाणी सोडेल."

काहीच झालं नाही. डॉक्टर तसेच उभे. राहण्यासमोर राहणंच हवं होतं.

"नाहीतर म्हशींचं कसं होईल," बोधले म्हणाले. तो तर प्रश्न होता, तोही लागू झाला नाही.

मग मामा सावरून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. त्यांना राहण्याचं ठिकाण सुचलं होतं. "नाहीतर पु..." एवढं त्यांनी उच्चारलं आणि मी ताटलीतला रव्याचा लाडू त्यांच्या तोंडात कोंबला. पाहुण्यांशी असं वागू नये हे मला कळतं. पण आमच्या पंचक्रोशीत जनावरांचा दुसरा डॉक्टर नाही.

"मामांना पाणी देऊ नका," बोधले हळूच मला म्हणाले.

ऋजुता उठली. ती हेरंबसमोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, मी आत्ता हो म्हणू शकते," ती म्हणाली. "पण वाक्य उघडं आहे. मामांचा लाडू संपायच्या आत मला हो म्हणावं लागेल, आणि अशा घाईत मला म्हणायचं नाही. तुम्ही जाल या भीतीने तर मुळीच नाही. कळतंय?"

हेरंबनी मान हलवली.

"तुम्हाला खरंच कुठे राहायचंय? माझं सोडा."

ते खिडकीकडे बघत राहिले. बाहेर गोठा होता, त्यापलीकडे तावड्यांचं घर.

"दोन्हीकडे एकच उत्तर ठेवलेलं चालतं," ऋजुता म्हणाली. "मी लिहिते त्या भाषेत यंत्र जरा कुरकुरतं, पण घेतं."

मामांनी शेवटचा घास गिळला. तेवढ्यात हेरंब म्हणाले, "नाहीतर निंबठाणमध्येच राहीन."

त्यांचे पाय सुटले. बोधल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं.

"अरे, पण मग त्या जरला अर्थ काय उरला?" मामा कुरकुरले.

"काही नाही," ऋजुता म्हणाली. "ते काढून टाका. वाक्य तेच राहतं."

इंदुमतीबाई काळजीत पडल्या होत्या. "म्हणजे तिच्या होकाराशी याला काही देणंघेणं नाही असं झालं की."

"राहण्याशी नाही, आई," हेरंब म्हणाले. मग ऋजुताकडे वळून त्यांनी साध्या वाक्यात विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?"

ऋजुताने खरोखर विचार केला. आम्ही सगळे भिंतीवरच्या पालीकडे बघत बसलो.

"करीन," ती म्हणाली.

पुन्हा चहा झाला. इंदुमतीबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मनगटं चोळत चोळत पुढच्या संसाराचं बोलायला सुरुवात केली. मनगटं त्यांची वर्षानुवर्षं दुखतात, आणि भाकऱ्या त्याच थापतात. "माझं काही म्हणणं नाही हो. जर ऋजुता लग्नानंतर नोकरी सोडणार असेल तर सकाळच्या भाकऱ्या ती थापेल," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे पाय जमिनीला धरून राहिले.

ऋजुताने नोकरीबद्दल काही ठरवायचं बाकी आहे असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. इंदुमतीबाईंच्याही आलं नसावं, कारण त्यांच्याकडे नाहीतर तयार नव्हतं. भाकरी थापणाऱ्यासमोर भाकरी थापणाराच हवा. त्यांच्या घरात माणसं दोन. बाईंनी डोळे मिटून घेतले. त्या स्वतःचं नाव घेणार, हे आम्हाला दिसत होतं.

"नाहीतर मी थापीन," हेरंब म्हणाले.

इंदुमतीबाईंचे पाय सुटले. त्या मुलाकडे वळल्या. "पीठ कुठे असतं ते तरी माहीत आहे का तुला?" त्या म्हणाल्या.

लग्न वैशाखात झालं. ऋजुता वरच्या खोलीऐवजी आता तावड्यांच्या ओसरीवर बसून काम करते. डॉक्टर पहाटे उठतात, गोठे फिरून येतात आणि हात स्वच्छ धुऊन भाकऱ्या थापतात. त्या एका बाजूने जाड होतात. ती बाजू ऋजुता आमटीत बुडवते आणि पातळ बाजू सासूबाईंना देते.