काडीचाही संबंध नाही

शोकसभेला माणसं रग्गड आली होती, पण सभागृहात चिटपाखरूही नव्हतं. सगळी गर्दी बाहेरच्या व्हरांड्यात तुंबलेली, आणि दारात कवीचा पट्टशिष्य दोन्ही हात आडवे लावून उभा. कवीची बायको पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. नवरा गेल्यापासून ती एकदाही मोकळेपणी रडली नव्हती. आधी ही सभा त्याच्या मनासारखी पार पडू दे, मग रडायचं ते रडू, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

कारण तिनं शब्द दिला होता. कवी अतिवास्तववादी, म्हणजे ज्याच्या कवितेत मासे कपाटात राहतात आणि कपाट नोकरीला जातं, तशातला. त्यामागचं शास्त्रही त्यानंच रचलेलं. एकमेकींशी ओळखदेख नसलेल्या वस्तू शेजारी ठेवा, ठिणगी पडेल, ती कविता. आठवण मात्र कवितेची वैरीण. इस्पितळात बायकोचा हात धरून तो म्हणाला होता, "माझ्या सभेत भाषणं नकोत. आठवणी तर मुळीच नकोत. प्रत्येकानं एक वस्तू आणायची, जिचा माझ्याशी काडीचाही संबंध नसेल. सगळ्या एका टेबलावर मांडा. ती माझी शेवटची कविता."

"बरं," ती म्हणाली होती. अशा वेळी दुसरं काय म्हणणार?

निरोप सगळ्यांना गेला. वस्तू तपासायचं काम शिष्यानं मागून घेतलं, आणि तिथंच माशी शिंकली. गुरूपेक्षा शिष्य कडक असतो, हा तर जगाचा नियमच आहे.

पहिले आले शेजारचे काका, हातात छत्री.

"संबंध?" शिष्यानं विचारलं.

"काही नाही. त्यांनी जन्मात छत्री घेतली नाही."

"कशावरून?"

"अहो, दर पावसात माझीच न्यायचे की!"

"हीच?"

काकांनी छत्रीकडे पाहिलं. दांड्याला दोरा गुंडाळलेला होता. "हीच. हा दोरासुद्धा त्यांनीच बांधलाय," ते हळूच म्हणाले आणि आपण होऊन बाजूला झाले.

मग दातांचे डॉक्टर. त्यांनी खिशातून प्लॅस्टरची बत्तिशी काढली. "त्यांचे सगळे दात स्वतःचे होते. तेव्हा या नकली दातांशी संबंध शून्य."

"त्यांनी ही कधी पाहिली नव्हती?"

"पाहिली म्हणजे... माझ्याकडे पोरं रडायला लागली की ते ही हातात घेऊन पोपटासारखी बोलायला लावायचे. पोरं हसायची, तोंड उघडायची, माझं काम व्हायचं." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आता त्या पोरांचं काय करायचं, कोण जाणे."

"क्षमा करा, डॉक्टर. पलीकडे थांबा."

कवीची थोरली बहीण भारी हुशार. ती वाटेत दुकानात शिरली होती. "हा पोहायचा चष्मा. आत्ता घेतलाय, वेष्टनसुद्धा फोडलं नाही. त्याच्या नजरेलाही पडलेला नाही. आणि पाण्याला तर तो भ्यायचा!"

शिष्याचा चेहरा उजळला. पण बहीण कुठं थांबतेय? "इतका भ्यायचा की काय सांगू! मी बुडत होते ना, तेव्हा घाबरत घाबरतच उडी मारली मेल्यानं. पोहता येत नव्हतं. शेवटी लोकांनी दोघांनाही काढलं." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला.

शिष्याचे डोळे भरले. पण हात आडवाच राहिला. "आत्या, नियम म्हणजे नियम."

असं करता करता व्हरांडा गच्च भरला. ज्याला त्याला आपल्या वस्तूत कवी सापडत होता, आणि सापडला की सांगितल्यावाचून राहवत नव्हतं. एकीकडे हसू, एकीकडे हुंदके. कवीच्या बायकोचा जीव मात्र टांगणीला लागला. टेबल रिकामं. शेवटची कविता कोरी.

तेवढ्यात एक जण शिडी घेऊन आला. "सरका, सरका. कोण गेलं?"

"तुम्ही ओळखत नाही त्यांना?" शिष्यानं विचारलं.

"मी कशाला ओळखतोय? पंखा दुरुस्त करायला आलोय."

शिष्यानं त्याला जवळजवळ मिठीच मारली. शिडी सन्मानानं टेबलाला टेकवली, आणि पंखेवाल्याला पहिल्या रांगेत बसवलं. "हलू नका. आजचे श्रोते तुम्हीच."

कवीची बायको उठली. घरभर तिनं शोधलं होतं, तवा म्हणू नका, उशी म्हणू नका. ज्याला हात लावावा, त्याला तो लागलेलाच. शेवटी एकच वस्तू मिळाली. तिनं ती पिशवीतून काढली.

"काकू!" शिष्य ओरडला. "हा तर सरांचा सिद्धान्तग्रंथ!"

"हो ना. यात काय लिहिलंय? माणसानं बेशिस्त जगावं, काल विसरावा, कुणात गुंतू नये. खरं ना?"

"खरं."

"आणि आमचे हे? कुलूप लावून जिन्यापर्यंत जायचे, परत येऊन ओढून बघायचे. माझी आई अंथरुणाला खिळली, तर तिच्या औषधाची एक वेळ चुकवली नाही. मी माहेरी गेले की दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून दारात हजर. अरे, या पुस्तकातल्या माणसाला मी ओळखतसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याशी याचा काडीचाही संबंध नाही. कर बघू खोटं!"

शिष्यानं हात खाली घेतला.

तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं. शब्द पाळला गेला. ती मटकन खुर्चीत बसली, आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम आलं.

पंखेवाला अवघडून गेला. "बाई, रडू नका हो. कसे होते ते?"

तिनं सांगितलं. कुलुपाचं सांगितलं, आईचं सांगितलं, न सांगण्यासारखं एक भांडणही सांगितलं. पंखेवाला मध्येच हसला, मग बाहीनं नाक पुसायला लागला.

"चांगला माणूस गेला हो," तो म्हणाला. "भेट झाली असती तर बरं झालं असतं."

तिनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"झालं! आता तुमचाही संबंध आला. उठा, ती शिडी घ्या."

"पण मग सभा?"

"सभा बाहेर आहे," ती म्हणाली, आणि शिष्यालाही दंडाला धरून आपल्याबरोबर घेऊन गेली.