कुटुंबाची मुदत

मी बत्तीस वर्षं एका विमा कचेरीत टंकलेखिका होते. मिनिटाला साठ शब्द, आणि तेही खिडकीबाहेर बघत! साहेबांनी सांगायला तोंड उघडावं, तोवर माझं ‘महोदय’ टाइप होऊन स्वल्पविरामही पडलेला असायचा. तेव्हा घरच्या कम्प्युटरसाठी लिहायचं-छापायचं सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ, असं मी लेकीला फोनवर ठणकावून सांगितलं.

“आई, मी आले की घेऊ ना,” लेक म्हणाली.

“तू कशाला? स्वस्त हवं, मराठी हवं आणि मला चालवता यायला हवं. झालं! भाजी घ्यावी तसं घेऊन येते.”

घाईचं खरं कारण मी तिलाही सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते. ह्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. केलेल्या प्रत्येक किल्लीचं चित्र हे वहीत काढायचे आणि शेजारी एक ओळ लिहायचे. ‘शाळेचं फाटक. शिपाई घाबरट.’ ‘लाल पेटी. आत काय आहे ते म्हातारी सांगत नाही.’ अशा चौदा वह्या. पानं पिवळी पडलेली, शाई उडत चाललेली. ह्यांना पंचाहत्तरावं लागेल त्या दिवशी सगळ्या वह्यांचं छापील पुस्तक हातात ठेवायचं, असा माझा गुप्त बेत होता.

पहिल्या वहीतली सत्तेचाळिसावी किल्ली माझी आहे. कचेरीतल्या टाइपरायटरच्या झाकणाची. मी हरवली आणि हे नवी करून द्यायला आले. शेजारची ओळ अशी: ‘छोटी किल्ली. बाई फार बोलतात.’ आठ महिन्यांनी आमचं लग्न झालं!

कम्प्युटरच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं एका सॉफ्टवेअरचे तीन प्रकार सांगितले: ‘विद्यार्थी’, ‘व्यवसाय’ आणि ‘कुटुंब’.

“घरासाठी ‘कुटुंब’ घ्या, काकू. महिनाभर फुकट वापरा. पटलं तर पैसे भरा, मग किल्ली मिळते.”

किल्ली म्हटल्यावर ह्यांचे कान टवकारले. “कुठली? दाखवा बघू. इथल्या इथे करून देतो.”

“काका, ती पंचवीस अक्षरांची असते.”

“पंचवीस दात्यांची?” हे हबकले. “अहो, तिजोरीलाही इतके नसतात!”

दुसरं एक सॉफ्टवेअर कायमचं मोफत होतं. मी म्हटलं, दोन्ही घरात घेऊ, महिनाभर कामाला लावू, टिकेल ते आपलं. जावई बघतानाही मी इतकी कडक नव्हते.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. हे जुन्या वळणाचे. बायकोला बायको म्हणणं ह्यांच्या जिभेला जमत नाही. लग्न झाल्यापासून मी म्हणजे ‘आमचं कुटुंब’. गिऱ्हाइकाला सांगायचे, “कुटुंब आजारी आहे, किल्ली उद्या.” ऐकणाऱ्याला वाटायचं, अख्खं घर अंथरुणाला खिळलंय!

तर मी कामाला लागले. मोफतवाल्यानं सुरुवातीला छळलं. ‘किल्ल्या’ लिहावं तर ‘किल्’ एकीकडे आणि ‘ल्या’ दुसरीकडे, अबोला धरलेल्या जावांसारखे. मग अक्षरांचं दुसरं वळण निवडलं आणि दोघी गुण्यागोविंदानं नांदू लागल्या. सत्ताविसाव्या दिवशी चौदाच्या चौदा वह्या मी मोफतवाल्यात हलवल्या. ‘कुटुंबा’ला निरोप द्यायचं ठरलं.

एवढा महिना हे खोलीत आले रे आले की मी कम्प्युटरच्या पडद्यावर टॉवेल टाकायचे.

“काय लपवतेस?”

“काही नाही हो. धूळ बसते.”

त्यातच मला दोनदा चक्कर आली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. प्रयोगशाळेतली मुलगी ह्यांच्यासमोरच म्हणाली, “रिपोर्ट कम्प्युटरवर येईल हं.”

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी पुस्तकबांधणीवाल्याकडे चौकशी करायची होती. “जरा जाऊन येते,” एवढंच बोलून मी निघाले. टॉवेल टाकायला विसरले!

परत आले तर दारात हे उभे. माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. पिशवीत फक्त छत्री होती!

“बस. चहा केलाय.”

एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी पहिल्यांदाच चहा केला होता. त्यात साखर होती, दूध होतं, पाणीही होतं. पावडर तेवढी राहिली होती. मी निमूटपणे प्याले.

“तुला कुठे जावंसं वाटतं का गं?”

“आत्ता तर आले!”

“तसं नव्हे. समुद्र वगैरे.”

“समुद्र? आज? कपडे वाळत घालायचेत अजून!”

“मी घालतो,” हे म्हणाले आणि बादली घेऊन गेले. खिडकीतून पाहिलं तर माझा ओला झगा हातात धरून हे नुसतेच उभे होते. चिमटा लावायचं भान नव्हतं. ह्यांनाच काही झालं की काय?

एवढ्यात धाकट्या वन्सं येऊन धडकल्या. दारातूनच गळ्यात पडल्या.

“वहिनी, त्या कुकरचं मी मनातून काढून टाकलंय गं!”

वीस वर्षांपूर्वी मी त्यांचा कुकर नेला आणि शिट्टी परत द्यायची राहिली. त्यावरून प्रत्येक भेटीत टोमणा ठरलेला. आणि आज चक्क माफी?

“वन्सं, झालंय तरी काय?”

“काही नाही. शिट्टी तुझ्याकडेच राहू दे!” आणि हुंदका.

दुपारी चारला रिक्षा थांबली. बॅग ओढत लेक उतरली, डोळे सुजलेले.

“आई, मला का नाही सांगितलंस? बाबांनी फोन केला म्हणून कळलं!”

“काय कळलं? मला सांगा कुणीतरी!”

मग हे पुढे आले. माझा हात धरून मला कम्प्युटरपुढे नेलं. “मी वाचलं,” हे म्हणाले. “तुझा रिपोर्ट. लपवत होतीस ना?”

पडद्यावर लिहिलं होतं:

‘आपल्या कुटुंबाची मुदत तीन दिवसांत संपत आहे. नूतनीकरण करा किंवा मोफत पर्याय निवडा.’

लेकीनं एकदा वाचलं, दोनदा वाचलं. “बाबा! अहो, हे सॉफ्टवेअरचं आहे! ‘कुटुंब’ हे त्या प्रकाराचं नाव आहे!”

“म्हणजे... हिचं नव्हे?”

“नव्हे!”

वन्संनी डोळे पुसले. “मग वहिनी, ती शिट्टी कुठे ठेवलीस?”

हे मात्र हसले नाहीत. “निर्लज्ज लेकाचे,” पुटपुटले. “म्हणे मोफत पर्याय निवडा! माणसाला असं विचारतात? मी सरळ नूतनीकरण दाबलं.”

“दाबलंत?” मी ओरडले. “किती दिवसांचं?”

“एक वर्ष होतं, तीन वर्षं होतं, कायमचं होतं. मला वाटलं, उपचारांचे पैसे मागतायत. भिंग लावून कार्डावरचे आकडे घातले.” हे खाली बघत म्हणाले, “कायमचं घेतलं.”

महिनाभर स्वस्तातलं शोधत होते मी! रागावणार होते. खरंच रागावणार होते. पण ह्यांच्या खांद्यावर माझा तोच झगा अजून होता.

“किल्लीही आली,” असं म्हणून ह्यांनी खिशातून कागद काढला. हातानं उतरवलेली पंचवीस अक्षरं, आणि खाली सवयीनं लिहिलेली एक ओळ: ‘मोठी किल्ली. बाई अजून बोलतात.’

मी ह्यांच्या खांद्यावरचा झगा काढून घेतला.

माझा खरा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. रक्त कमी, पालेभाज्या खा. पंचाहत्तराव्याला छापील पुस्तक ह्यांच्या हातात पडलं. त्यात शेवटची किल्ली तीच घातली. हे सत्तेचाळिसाव्या किल्लीचं पान उघडून कितीतरी वेळ बसले होते.

आता उरलं एकच. त्या गोंधळाच्या दिवशी हे वन्संना पोचवायला गेले तेव्हा लेकीनं आणि मी ती किल्ली लावून पाहिली. लागेना! शून्याच्या जागी ‘ओ’ घातला, एकाच्या जागी ‘आय’. नाहीच. कंपनीत फोन केला. ते म्हणाले, वापरलेलं नाही, तर नवी किल्ली देतो, नाहीतर पैसे परत. मी पैसे परत घेतले. हे घरी आले आणि दारातूनच विचारलं, “लागली का?”

आयुष्यभरात ह्यांची एक किल्ली अडकली नव्हती. मी म्हटलं, “एका झटक्यात!”

ही गोष्टही मी मोफतवाल्यातच लिहिली आहे. तेव्हा तुमच्याशी ह्यांची कुठे भेट झालीच, तर कृपा करून तेवढं बोलू नका!