पांढऱ्या टिकल्या

बेटावरच्या लालमती गावातल्या मराठी सभेच्या खोलीत त्या रविवारी सतरा खुर्च्या, चौदा पुरुष, एक पितळी घंटा, एक नादुरुस्त पंखा आणि खिळ्याला टांगलेला एक तक्ता होता. तक्त्यावर लाल, हिरव्या आणि पांढऱ्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या. ज्या बाईच्या शरीरावरून तो तक्ता तयार झाला होता, ती खोलीत नव्हती. ती मागे चहा करत होती.

तिचे नाव सुनयना. देवराजशी लग्न होऊन तिला चार वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. सासूने, कुंतीबाईने, मुदत घालून दिली होती : येत्या गणेश चतुर्थीपर्यंत काही कळले नाही, तर देवराजसाठी किनाऱ्याकडच्या माएबूर्ग गावची मुलगी बघायची. साल १९७९.

मुदत मिळाल्यावर सुनयना गुपचूप बस पकडून कुटुंब मार्गदर्शन केंद्रात गेली होती. देशात मुले फार होत आहेत, ती कमी व्हावीत, यासाठी ते केंद्र स्थापन झाले होते. तिथे रीताबाई शिकवत.

"मूल नको आहे ना?" रीताबाईंनी सवयीने विचारले.

"हवंय."

"मग तुम्ही चुकीच्या दारात आलात. आमच्याकडे गरोदर बाई म्हणजे अपयश."

"मला एक अपयश हवंय, मादाम."

रीताबाई हसल्या आणि त्यांनी तीच पद्धत उलटी करून शिकवली. पाळी असताना लाल टिकली. नंतर काही दिवस कोरडे, ते हिरवे. मग ओलसरपणा येतो. आधी दाट, चिकट आणि गढूळ. पुढे स्वच्छ, बुळबुळीत, आणि दोन बोटांत धरला तर अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकासारखा न तुटता ताणला जाणारा. त्या दिवसांना पांढरी टिकली. "इतर बायकांना मी या दिवसांपासून लांब राहायला सांगते," रीताबाई म्हणाल्या. "तुम्ही जवळ या."

सुनयनाने पाच महिने चोख निरीक्षण केले आणि पांढऱ्या दिवसांचा उपयोगही केला. मग कपाटाच्या दाराआड लावलेला तक्ता कुंतीबाईच्या हाती लागला. तो फ्रेंचमध्ये होता, म्हणून तिने तो सभेचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक बाबूराव यांच्याकडे नेला. बाबूरावांनी तो दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचण्यासाठी चष्मा पुसला.

एरवी त्यांनी तो परत दिला असता. पण सभेच्या मराठी वर्गात नऊ मुले उरली होती आणि शिक्षक टिकवायला दहा लागत. सुनयनाचे मूल पाटीवर अक्षर काढण्याच्या वयाचे होईपर्यंत वर्ग बंद पडलेला असेल, हे कोणाच्या लक्षात आले नाही. विषय सार्वजनिक हिताचा ठरला आणि तक्ता खिळ्याला लागला.

तक्त्यावरचे बलकाचे वर्णन वाचून दाखवताच पहिली हरकत खजिनदार तुलसीराम यांनी घेतली. चतुर्थीआधीचा करेम सुरू होता आणि महिनाभर घराघरांत मांसमच्छी बंद होती.

"अंडं? करेमात? गणपतीच्या तसबिरीसमोर? आयो, बाबूराव!"

"शास्त्रीय उपमा आहे, तुलसीराम."

"मग शास्त्राला शाकाहारी उपमा शोधायला सांगा."

उपसमिती नेमली गेली. तिने अर्ध्या तासात लालो, म्हणजे आपली भेंडी, चिरून आणली. दोन सभासदांनी तिचा बुळबुळीत रस बोटांत धरून ताणला. तो ताणला गेला. बलकाऐवजी लालो, हा ठराव तेरा मतांनी मंजूर झाला. एक सभासद तटस्थ राहिले. त्यांना भेंडी आवडत नसे.

ठराव कानावर येताच कुंतीबाईने वेगळा निष्कर्ष काढला आणि सुनेला सकाळ-संध्याकाळ लालो वाढायला सुरुवात केली. साखर कारखान्यात देवराजच्या डब्यातही लालोच निघू लागली.

दुसरी अडचण अशी, की त्या महिन्याचे पांढरे दिवस करेमातच येत होते आणि करेमात नवरा-बायकोनेही संयम पाळायचा असतो. सभेने टिकल्या आठ दिवस पुढे ढकलल्या.

"टिकली पुढे जाईल, बाबूराव काका," सुनयना चहा ठेवता ठेवता म्हणाली. "मी कशी जाऊ?"

"ठराव झालाय, बेटी."

यानंतर गावाची सोय झाली. दुकानदार हरिलाल तांदूळ मोजता मोजता विचारी, "काय वहिनी, आज कोरडं की ओलं?" बसचा वाहक पांढऱ्या दिवशी तिला बसायला जागा करून देई. देवळात बायका हिरव्या टिकलीला उसासे टाकत.

चतुर्थीला आठवडा उरला, तरी बातमी नव्हती. सभेने जाब विचारण्यासाठी रीताबाईंना बोलावले. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.

"निर्दोष आहे. बाईकडून करायचं होतं ते झालं. आता दुसरी तपासणी." त्यांनी पिशवीतून झाकणाची एक छोटी काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली. "ही देवराजची."

पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मागे सरकल्या.

"बायकांपुढे असल्या गोष्टी?" तुलसीराम म्हणाले.

"खोलीत तेवढी मीच बाई आहे."

"तरी. ही खासगी बाब आहे," बाबूराव म्हणाले. त्यांच्या डोक्यामागे तक्ता लटकत होता.

शेवटच्या खुर्चीवर बसलेला देवराज चपलेच्या पट्ट्याकडे पाहत होता. "माझी नाईट आहे," तो म्हणाला.

"कारखान्यात नेऊ नका. घरून सकाळी लवकर आणून द्या."

दारातून कुंतीबाई कडाडली, "माझ्या देवराजमध्ये खोट नाही! माएबूर्गची मुलगी आणणारच मी!"

"आणा की," रीताबाई म्हणाल्या. "बाटली हीच लागेल."

सुनयनाच्या शरीरातला ओलावा कधी गढूळ असतो, कधी स्वच्छ आणि किती ताणला जातो, हे इथवर वाचकालाही ठाऊक झाले आहे. देवराजबद्दल त्यानेही काही विचारलेले नाही.

सुनयना आत आली. तिच्या हातात चहाचा ट्रे नव्हता. तिने खिळ्यावरचा तक्ता उतरवला, बाटलीच्या गळ्याला दोरा बांधला आणि ती त्याच खिळ्याला टांगली.

"माय, तक्ता माएबूर्गला पाठवा. त्या मुलीला पुढचं भरता येईल. पण आधी ही भरू द्या." मग ती बाबूरावांकडे वळली. "काका, वर्गाला दहावं मूल हवंय ना? मग तक्त्याकडे बघत होता, तसं रोज हिच्याकडे बघत जा."

ही बातमी गावाबाहेर गेली. माएबूर्गहून मुलीच्या बापाचा निरोप आला. त्यात एकच प्रश्न होता : बाटली भरली का?

चतुर्थीनंतरच्या पहिल्या रविवारी सभेच्या खोलीत सतरा खुर्च्या होत्या. एक पितळी घंटा आणि एक नादुरुस्त पंखा होता. चहा नव्हता. हजर पुरुष : शून्य. बाटलीत : शून्य मिलिलीटर.