मागं वीस, पुढं अठ्ठेचाळीस

योगीराजनं गिरणी बंद केली, मिशीवरचं पीठ झटकलं आणि दळणाला आलेल्या सगळ्या बायाबापड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "यंदा शेवटी येणार तर मीच. कुणाला शंका असंल तर आत्ताच बोला."

शेवटी येण्याची इतकी छातीठोक घोषणा चिंचटाकळीत आजवर कुणी केली नव्हती. पण त्यात गोम होती. गावच्या शाळेला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुख्याध्यापिका राजनंदिनीबाईंनी सायकलींच्या शर्यती ठेवल्या होत्या. बायकांसाठी जलद सायकल आणि पुरुषांसाठी हळू सायकल. हळू सायकलीत जमिनीला पाय न टेकवता जो सगळ्यात मागून पोचेल तो जिंकला. अट एकच होती. सायकल जुन्या धाटणीची, काळी, बिनगिअरची पाहिजे.

गावात दारोदार मोटारसायकली, पण काळ्या सायकली मोजक्याच उरलेल्या. त्यातली एक योगीराजच्या गोठ्यात होती. ती त्याच्या वडलांची, ग्यानबांची. उंच दांडीची, रुंद सीटची, आणि चेन पूर्ण झाकणाऱ्या कव्हरची. योगीराजचा चुलतभाऊ भुजंग मागच्या गणपतीत हळू सायकल जिंकला होता, आणि तेव्हापासून गिरणीवर आला की पिठाचा डबा खाली ठेवायच्या आधी तेच सांगायचा. आता योगीराजला ते ऐकवत नव्हतं.

आणि योगीराजला युक्ती सुचली होती. ती सुचली गिरणीतच. पट्टा लहान चाकावर चढवला की जातं पळतं आणि मोठ्या चाकावर चढवला की रेंगाळतं, हे तर तो रोज बघायचा. मग सायकलीचं काय वेगळं असतं? बाईंनी गिअर नको म्हटलं होतं. दात बदलू नका असं कुठं म्हटलं होतं?

त्याच दुपारी त्यानं सायकल देवगाव फाट्यावर बबलू मिस्त्रीच्या दुकानापुढं उभी केली. बबलूच्या दुकानात छतापासून चेनी लोंबत होत्या, भिंतीवर लहानमोठी दातेरी चक्रं टांगलेली होती. मधोमध बबलू स्टुलावर, राजासारखा.

"मिस्त्री, सायकल हळू करायची," योगीराज म्हणाला.

बबलूनं आयुष्यात फक्त सायकल जोरात पळवू बघणारी गिऱ्हाइकं बघितली होती. "हळू? मग ब्रेक लावा की."

"ब्रेक न्हाई. पायडल लय मारायचं, पर जायचं थोडं. कसं करता?"

बबलूचे डोळे चमकले. असं काम रोज येत नाही. त्यानं भिंतीवरून एक फ्रीव्हील काढलं, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र. "तुमचं मागलं अठरा दाताचं हाय. हे वीसचं टाकू. मागलं जितकं मोठं, तितकी सायकल सुस्त. चेनीत थोडी भर घालावी लागंल."

"घाला. पर एक सांगतो. ह्यातलं कुणाला बोलायचं न्हाई. माझ्या घरी तर मुळीच न्हाई."

बबलूनं गळ्याला हात लावला. "दुकानातली गोष्ट दुकानात ऱ्हाती, मालक."

गावाकडं परत येताना योगीराजचे पाय शिलाई मशीनसारखे चालले होते आणि सायकल गाभण म्हशीसारखी. त्याला आनंदानं गाणं म्हणावंसं वाटत होतं. बांधावर शेळ्या चारणाऱ्या सरजाबाईनं त्याचे धावते पाय आणि रेंगाळणारी चाकं बघितली, आणि काळजीनं विचारलं, "योगीराज, पोट बिघडलं का रं?"

योगीराज नुसता हसला. मोठ्या कामात असं ऐकून घ्यावं लागतं.

पण दोन-तीन दिवसांनी सरावाला बसला तर सायकल पहिल्यासारखीच. पायडल तितकंच जड आणि चाल तितकीच. वर चेनकव्हरातून खर्र खर्र आवाज यायला लागलेला. तो तसाच फाट्यावर गेला.

"मिस्त्री, वीसचे दात झिजले काय?"

बबलू पाना शोधायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. पाना त्याच्या हातातच होता. वर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. "हवा जास्त झाली असंल. आपण असं करू. सायकलीला सामान वाढवू."

मग योगीराजला कुणी आवरू शकलं नाही. टायरला घासणारा डायनामा बसवला, म्हणजे चाक अडखळेल. त्यावर मोठा दिवा. भरभक्कम कॅरिअर. दोन पायांचं लोखंडी स्टँड. सायकल अशी सजली की रस्त्यानं येताना एका म्हाताऱ्यानं तिला ट्रॅक्टर समजून वाट दिली. योगीराज घरी पोचला तेव्हा घामानं निथळत होता आणि अतिशय खूश होता.

दुसऱ्या दिवशी कॅरिअर गायब.

"माय, कॅरिअर कुठं गेलं?" त्यानं आईला, धुरपताबाईला विचारलं.

"मला कामून इचारतू? मी कवा बसले त्याच्यावर?"

त्यानं बायकोला विचारलं. सत्यशीला चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "उंदरानं नेलं असंल."

"लोखंडाचं कॅरिअर?"

"लय माजलेत हो उंदीर."

पुढच्या दिवशी डायनामा टायरपासून लांब वळवलेला सापडला. मग स्टँड गेलं. योगीराजनं शांतपणे विचार केला. हे काम उंदराचं नव्हतं. हे काम भुजंगाचं होतं. भुजंग घाबरला होता.

भुजंग रानात गेल्याची वेळ साधून तो त्याच्या गोठ्यात शिरला आणि गवऱ्यांच्या रचलेल्या ढिगामागं हात घालून कॅरिअर चाचपायला लागला. तेवढ्यात मागून भुजंगाची बायको शालू म्हणाली, "भावजी, गवऱ्या पायजेत का?"

खांद्यापर्यंत हात गवऱ्यांत असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. योगीराज गवऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन घरी आला. घरी गॅस होता, चूल होती, सरपण होतं आणि गवऱ्यांची दुसरी रास होती. सत्यशीलानं पाटीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि गवऱ्या राशीवर रचायला घेतल्या.

त्याच संध्याकाळी त्यानं सायकलीला साखळी घालून कुलूप लावलं आणि चावी सत्यशीलाच्या हातात दिली. "ही तुझ्यापाशी ठेव. ह्या गावात मला दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई."

"बरं," सत्यशीला म्हणाली आणि चावी पदराला बांधली.

शर्यतीच्या सकाळी योगीराज नवा शर्ट घालून गोठ्यात गेला. सायकल नव्हती. पोत्यावर चेनकव्हर, दोन्ही मडगार्ड, डायनामा आणि दिवा हे सगळं ओळीनं मांडून ठेवलं होतं, एखाद्या दुकानात मांडतात तसं. सत्यशीलाही घरात नव्हती. ती बहुतेक शर्यत बघायला पुढं गेली असेल, असं म्हणत तो धावतच शाळेकडं सुटला.

भुजंग मंडपाजवळ आपली सायकल धरून उभा होता. योगीराजनं त्याची कॉलर धरली. "माझी सायकल काढ."

"कसली सायकल?"

"कॅरिअर नेलं, स्टँड नेलं, आता सायकल. माणसानं हरावं, पर चोरी करू नये."

"मी काय नेलं? गवऱ्या तर तूच नेल्यास," भुजंग म्हणाला. सगळा मंडप हसला. त्याच वेळी भोंग्यातून राजनंदिनीबाईंचा आवाज आला. बायकांची जलद सायकल सुरू होत होती. बाई नावं वाचत होत्या, आणि शेवटचं नाव वाचलं ते सत्यशीला योगीराज.

योगीराजच्या हातातून कॉलर सुटली.

शाळेच्या फाटकापाशी चार सायकली उभ्या होत्या. तीन बायका आपापल्या सायकली सांभाळत होत्या. चौथी होती सत्यशीला. निळा पंजाबी ड्रेस, कंबरेला ओढणी कसलेली, एक पाय दांडीपलीकडं टाकून ऐटीत उभी. खाली ग्यानबांची सायकल, पण अंगावरचं सगळं उतरवलेली. कव्हर नाही, मडगार्ड नाही. आणि पायडलपाशी ताटाएवढं दातेरी चक्र उन्हात चमकत होतं.

बबलू मिस्त्री गर्दीत होता. योगीराजनं त्याचा दंड पकडला. "ते पुढचं चक्र कुणी टाकलं?"

"मीच की. अठ्ठेचाळीस दाताचं. आधी चव्वेचाळीसचं होतं. वहिनी आल्या अन् म्हनल्या, पायडल थोडं मारायचं, पर जायचं लय."

"अन् माझं वीसचं?"

"ते होतंच मागं. तुमी मागलं वाढवलं, वहिनींनी पुढलं वाढवलं, सायकल जिथल्या तिथं. तुमाला वाटलं दात झिजले." बबलू आता उघड हसायला लागला. "कव्हरातलं कुणाला दिसतंय? काल मात्र त्यांनी तुमचं वीसचं काढायला लावलं, सोळाचं टाकलं. आता उडती का न्हाई बघा."

"मिस्त्री, तुमी मला सांगायचं न्हाई का?"

"तुमीच म्हनलात, घरी कळू देऊ नका. त्याबी तेच म्हनल्या. मी कुणाचा शब्द मोडू?"

योगीराजला खूप राग आला होता. तो नीट व्यक्त करावा म्हणून त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात शिट्टी वाजली.

पहिल्या काही पायडलांना सत्यशीला मागं पडली. जड दात होते, सायकल हलायलाच तयार नव्हती. ती सीटवरून उठली, दोन्ही पायांवर उभी राहिली आणि अंगाचा भार टाकला. मग सायकलीनं वेग धरला. वेशीवरच्या वडाला वळसा घालून परत येताना ती सगळ्यांच्या पुढं होती, केस सुटलेले, ओठ घट्ट मिटलेले. आणि योगीराज रस्त्याच्या कडेनं तिच्या बरोबरीनं पळत होता. तो कधी पळायला लागला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. "दाब, सत्यशीला, दाब," असं तो ओरडत होता, आणि लोक शर्यत सोडून त्यालाच बघत होते.

ती पहिली आली. खाली उतरली तेव्हा तिला धाप लागली होती आणि ती हसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तोंडभर हसताना त्यानं तिला क्वचितच बघितलं होतं.

"तुला सायकल येती?" त्यानं विचारलं.

"येती की. माहेरी पाय पुरत न्हवते तवा दांडीखालून कैची मारत शाळंला जायची. सगळ्या पोरांच्या पुढं."

"मग मला कवा सांगितलं न्हाई."

"तुमी कवा इचारलं?"

सत्यशीलानं घाईघाईनं फाटकाला अडकवलेली पिशवी उघडली. "तुमचं वीसचं आणलंय. मिस्त्री, दहा मिनिटात टाका की. ह्यांची शर्यत हाय."

पण भोंग्यातून नाव पुकारलं गेलं होतं. भुजंग केव्हाच रेषेवर जाऊन उभा होता. योगीराजनं छाती काढली. "असू दे. खेळ दातांचा न्हाई, तोलाचा असतो. ह्याच्यावरच जिंकतो."

शिट्टी वाजली. इतके दिवस त्यानं पायांना भराभर पायडल मारायची सवय लावली होती, आणि पायांना दात बदलल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखा जोर लावला. सायकल दावं तोडलेल्या खोंडासारखी उसळली. त्यानं ब्रेक दाबला तर ती कलली. पाय टेकू नये म्हणून एक पायडल मारलं, तर त्या एका पायडलात ती कितीतरी पुढं गेली. परत ब्रेक. परत कलली. परत पायडल. बाकीचे गडी रेषेपाशीच जागच्या जागी डुलत होते, आणि योगीराज पलीकडं शर्यत संपायच्या दोरीत जाऊन अडकला होता. भुजंग तिथूनच एक हात सोडून त्याला टाटा करत होता.

बक्षिसं देताना राजनंदिनीबाईंना गंमत सुचली. सत्यशीलाच्या हातात शिल्ड देऊन त्या भोंग्यात म्हणाल्या, "सत्यशीलाताई पहिल्या आल्या. आणि विशेष म्हणजे त्यांचे यजमानही पहिलेच आले." मंडपात हशा पिकला. भोंगा मात्र गावाकडं तोंड करून बांधला होता, आणि हशा काही त्यातून गेला नाही.

दोघं घरी पोचले तेव्हा दारात गर्दी होती. गुडघ्यांमुळं शाळेपर्यंत न आलेली धुरपताबाई ओट्यावर परात घेऊन बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर साखर ठेवत होती. "माझे दोघंबी पयले आले," ती प्रत्येकाला सांगत होती. "मायकात सांगितलं."

सरजाबाईनं योगीराजच्या पाठीवरून हात फिरवला. "लय नाव काढलंस, बाबा. मी उगंच तुझं पोट धरून बसले होते."

योगीराजनं सत्यशीलाकडं बघितलं. तिनं शिल्ड तोंडापुढं धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. त्यानं हात पुढं केला, साखर घेतली आणि खाऊन टाकली.

"अन् भुजंग?" धुरपताबाईनं विचारलं. "त्यो कितवा आला?"

"शेवटी," योगीराज म्हणाला.

"आरं देवा." धुरपताबाईचा जीव कळवळला. तिनं वाटीत साखर भरली आणि त्याच्या हातात दिली. "जा, त्याला नेऊन दे. अन् समजूत घाल त्याची. म्हणावं, वाईट वाटून घेऊ नको."