रेडिओ सरकवणारे भाऊ

भाऊ पाटकर कुणाच्याही घरी गेले की आधी रेडिओ हलवायचे. चहापाणी नंतर. आमचा रेडिओ खिडकीशी सुखानं गात होता. भाऊंनी तो उचलून कोपऱ्यात, तांदळाच्या रिकाम्या पेटाऱ्यावर नेऊन ठेवला. "खाली पोकळ लाकूड पाहिजे. आता बघा खालचा सूर, बेस, कसा उठतो." बेस काही उठला नाही, उठली ती आमची ही, आता तांदूळ काय तुमच्या टोपीत भरू म्हणून विचारत.

भाऊ नौपाड्यात आमच्याच चाळीत राहायचे. पोटापाण्याला विमा कंपनीतली कारकुनी, आणि रजा टाकून सिनेमाच्या रेकॉर्डिंगला डबल बेस वाजवायचे. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन. ठाणे स्टेशनावरून घरी येताना टांग्यात बेस बसायचा आणि भाऊ मागून चालत यायचे.

त्यांच्या तोडीचा वेडा एकच, कोपरीचा फ्रान्सिस. तोही बेसवाला. दर रविवारी तो यायचा आणि दोघं तारांवरून भांडायचे. भाऊंना तार बकऱ्याच्या आतड्याचीच हवी. पोलादी तार म्हणजे त्यांच्या मते भांडी घासणं. फ्रान्सिस म्हणायचा, पावसाळ्यात तुमचं आतडं फुगतं, मग सूर काय चुलीवर वाळवणार? गजाला घासायची राळ कुठली चांगली, कोण कुठल्या गाण्यात कसा फसला, यात दुपार जायची. पण भाऊंनी त्याच्या वाजवण्याला कधी बरं म्हटलं नाही. "घाई करतो लेकाचा," एवढंच.

मग एकदा ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी भाऊंना ताप भरला. त्यांच्या जागी फ्रान्सिस गेला, आणि नेमकं तेच गाणं गल्लोगल्ली गाजलं. भाऊंनी अबोला धरला. वर्ष झालं. विषमज्वरानं फ्रान्सिस गेला तरी तो अबोला सुटला नव्हता.

रेडिओ हलवायचं खूळ त्यानंतरचं. ते गाणं लागलं की भाऊ कान लावून बसायचे. आमच्या छोट्या रेडिओंमधून गाणारी ऐकू यायची, खालचा बेस मात्र नाही. मला रागच यायचा. माणूस गेला, आता तरी त्याच्या चुका शोधू नयेत.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी कपाटाएवढा नवा रेडिओ घेतला. भाऊ न बोलावता गेले, मलाही ओढून नेलं. तासभरानं ते गाणं लागलं. आणि खरंच, गाण्याखाली बेस चालत होता, सावकाश, भरदार.

"काय, सापडली चूक?" मी विचारलं.

"चूक कसली? इतकं चांगलं मला जमलं नसतं." भाऊ रेडिओजवळ आणखी सरकले. "हे त्याला सांगायला हवं होतं हो."

त्यांनी डॉक्टरांना विचारलं, रविवारी एका बाईंना इथं आणलं तर चालेल का. डॉक्टर हो म्हणाले. मग भाऊ माझ्याकडे वळले.

"कोपरीला त्याची बायको असते. तिनं हे नीट ऐकलेलंच नसणार. तुम्ही याल का माझ्याबरोबर? त्या दारात एकट्यानं उभं राहायचं माझ्यात धैर्य नाही."