सहाशे वॉटचा खोका

प्राध्यापक राजेंद्र तांबे यांचे एक ठाम मत होते. जगातली निम्मी संकटे माणसे छापील मजकूर शेवटपर्यंत वाचत नाहीत म्हणून ओढवतात. उरलेली निम्मी, वाचूनही त्यांना काही कळत नाही म्हणून. चौतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने मांडवीच्या घरातली मागची खोली रोपांसाठी सज्ज केली, तेव्हा नव्या बॅलास्टचे, म्हणजे दिव्याला वीज मोजून पाजणाऱ्या त्या जड पेटीचे, अठ्ठेचाळीस पानी माहितीपत्रक त्यांनी दोनदा वाचले आणि समासात तीन व्याकरणदोष नोंदवले.

खोलीत सदतीस कुंड्या होत्या. त्यांत दवबिंदूची, किडे धरून खाणारी, बोटाच्या पेराएवढी रोपे. ज्या सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून, त्यांचे बी आणले, तो सडा आता नव्हता; चिरेखाणीने तो कापून ट्रकांत भरला होता. त्याविषयी सरांनी धाडलेल्या नऊ निवेदनांना मिळालेले एकमेव उत्तर म्हणजे पोचपावती. त्या सड्याचे पृथ्वीवर जे काही उरले होते, ते या खोलीत ओल्या शेवाळात उभे होते आणि आषाढातल्या अंधाऱ्या दिवसांत उजेडावाचून पिवळे पडत होते.

म्हणून दिवे. मुंबईच्या पुतण्याने, धम्मदीपने, दोन पाठवले: जुन्या पेटीसाठी चारशे वॉटचा, नवीसाठी सहाशेचा. खासगी बसच्या डिकीत ते मासळीच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी बसून आले, त्यामुळे खोके बांगड्याच्या पाण्याने भिजले होते. ते दोन दिवस पंख्याखाली वाळले, मगच दिवे पुन्हा खोक्यांत गेले.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता सरांनी सहाशेच्या खोक्यातला दिवा कुंड्यांवर टांगला, पेटीचा कान सहाशेवर पिळला आणि बटण दाबले. दिवा आधी गुलाबी झाला, मग नारिंगी. इथवर सारे पान एकोणतीसप्रमाणे. मग तो पांढरा होऊ लागला, आणि गांधीलमाश्यांचे पोळे डिवचल्यासारखी खोली गुणगुणू लागली.

सरांनी पान एकतीस उघडले. पेटीच्या मानाने दिवा कमी वॉटचा असल्यास तो फुटण्याचा संभव आहे, असे तिथे अत्यंत थंडपणे छापले होते. खाली तापलेल्या काचेची वाट पाहत सदतीस रोपे. सरांनी पान तेहतीस उघडले: पेटवल्यापासून पंधरा मिनिटे प्रकाश कमी करू नये, दिवा बंदही करू नये.

तेव्हा साडेतीन मिनिटे झाली होती.

दाराआड उभे राहून, स्वयंपाकघरातले सूप तोंडासमोर धरून, त्यांनी धम्मदीपला फोन लावला. त्याने विचारले, खोक्यावर काय लिहिलंय? सहाशे. मग सहाशेच असणार. आणि नसेल तर?

"काका," धम्मदीप म्हणाला, "तुम्ही आधी त्या खोलीतून बाहेर या."

सूप पाहून सरांच्या पत्नी सुनंदाबाई कोळंबी सोलायची टाकून आल्या. सरांनी त्यांना पान एकतीस सांगितले, पान तेहतीस सांगितले, आणि अजून नऊ मिनिटे काढायची आहेत हेही सांगितले.

"मग बंद करा की तो."

"पंधरा मिनिटं बंद करायचा नाही."

"कोण म्हणतं?"

"छापलंय."

सुनंदाबाईंनी ओले हात पदराला पुसले, ओटीवर गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला.

अंधारात काच बराच वेळ टिकटिकत राहिली. फुटली नाही. दिवा पुरता निवल्यावर सुनंदाबाई स्टुलावर चढल्या, तो फडक्यात धरून फिरवून काढला आणि खिडकीशी नेला. त्याच्या बुडावर, अंधाऱ्या दिवशीही वाचता येईल अशा अक्षरांत, चारशे लिहिले होते.

सरांनी कुंड्या मोजल्या. सदतीस. मग टेबलाशी बसून त्यांनी दिव्याच्या कंपनीला पत्र आरंभले. खोक्यावर एक छापून आत दुसरे भरणाऱ्या व्यापारी संस्कृतीचा त्यात असा शांत, निर्दय समाचार होता की दोन परिच्छेदांतच त्यांचे अक्षर पुन्हा सरळ ओळीत आले.

सुनंदाबाई मागून वाचत होत्या.

"अहो, खोके वाळल्यावर दिवे परत कोणी भरले?"

सरांनी खोक्यांकडे पाहिले.

"माझे हात पिठात होते," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुम्हीच भरत होतात. आणि भरताना मला पान अठ्ठावीस मोठ्यानं वाचून दाखवत होतात."

पान अठ्ठावीसवर काय होते, हे सरांना आठवले. जोडण्यापूर्वी दिव्यावरचा आकडा तपासावा.

त्यांनी मायना खोडला, कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर, सुवाच्य अक्षरांत, दोन खोक्यांसाठी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. त्या चिकटवायचे काम सुनंदाबाईंनी त्यांच्याकडेच सोपवले. दिवे मात्र तोवर स्वतःच्या हातात ठेवले.